नाव घासलेली परात

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महिला बचत गटांचा आधार असलेल्या आदरणीय कोकिळाताई, प्रमुख अतिथी म्हणून लाभलेले प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून लोणखेड्याच्या या सभागृहात जमलो त्या सत्कारमूर्ती हाजराबी, त्यांचे यजमान शकीलभाई, आईवडिलांना न्यायला मालेगावहून आलेले चिरंजीव मुबीन, आणि शहादा, लोणखेडा, ब्राह्मणपुरी या परिसरातून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हिंमतराव पाटील, ब्राह्मणपुरीचा. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. माझी भाषणं आपण पुष्कळ ऐकलीत, म्हणजे ऐकावी लागलीत. आमच्या गावात असं म्हणतात की माझं नाव पुकारलं की आचारी पुऱ्यांची कढई खाली उतरवून ठेवतो. खरं असेल. पण आज मी कोकिळाताईंच्या घरी तीन वेळा जाऊन भाषणाची वेळ मागून घेतली आहे. आजवर कधी मागितली नव्हती, लोकच द्यायचे. का मागितली, ते ओघात येईलच.

पहिल्या रांगेत माझ्या सौभाग्यवती छबूबाई बसल्या आहेत, शेजारी आमची मुलगी काजल आहे. छबूबाईंचे दोन्ही हात मांडीवर सारखे गोल फिरताना दिसतील. कृपा करून कुणी ते धरू नयेत आणि कुणी हसूही नये. त्याबद्दलही पुढे बोलणार आहे.

आधी सत्कारमूर्तींविषयी. हाजराबींना आपण आज निरोप देतो आहोत. त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली, उजव्या हाताची दोन बोटं पत्रा कापून कापून बधिर झाली, म्हणून त्या लेकाकडे चालल्या आहेत. परवा सोमवारी सकाळची गाडी आहे. या सभागृहात मान वर करून जरा बघा. पुरणाच्या चाळण्यांचे हे दिवे कुणी केले? दाराच्या जुन्या कड्यांच्या या खुंट्या, फुटक्या बांगड्यांचं ते झुंबर, लुगड्यांच्या काठांचं हे तोरण, सगळं त्यांच्याच हातचं आहे. निरोप त्यांचा आणि आरासही त्यांचीच! आपण काय केलं? हार आणला, शाल आणली आणि एक नारळ आणला.

कोरोनाच्या वर्षी भंगाराचे ट्रक बंद झाले. शकीलभाईंनी हातगाडीवर गोळा केलेला माल अंगणात पडून राहिला. दुसरी बाई पसाऱ्याला वैतागली असती, पण हाजराबी त्या पसाऱ्यात जाऊन बसल्या. एका फुटक्या चाळणीत त्यांनी बल्ब सोडला. संध्याकाळी तो लावला तर भिंतभर चांदण्या पडल्या. शेजारणीने तो दिवा मागून नेला, तिच्या नणंदेने दुसरा मागितला. सहा वर्षांत त्या अंगणातून किती घरं सजली! आता गजाला आणि सबीहा या त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुली ते काम चालवणार आहेत. त्यांनाही माझ्या शुभेच्छा.

पण कारागिरी पुष्कळांना येते. हाजराबींचं जे वेगळं होतं ते सांगतो. त्या भांड्यावरचं नाव कधीही घासत नसत.

आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. मुलीच्या लग्नात भांडं द्यायचं, तर त्यावर नाव टाकून द्यायचं. नाव टाकणारा दुकानाबाहेर पोत्यावर बसतो, छिन्नीने टिक् टिक् करत एकेक ठिपका उमटवतो. कुणाकडून, कुणाला, कोणत्या साली. बाई गेली तरी नाव राहतं. आता असं भांडं भंगारात आलं की सगळे कारागीर पहिल्यांदा नाव उडवतात, कारण दुसऱ्याच्या घरचं नाव आपल्या भिंतीवर कोण लावील? हाजराबी मात्र नाव समोर घ्यायच्या. घड्याळ केलं तर नाव दर्शनी बाजूला, दिवा केला तर नावावर उजेड पडेल असा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायच्या, "नाम रहने दो, बहन. किसी की माँ का है."

एकदा त्यांच्या प्रदर्शनात मोलगीकडचे रेवजी आले होते. गावात आले होते मोटारीचा सुटा भाग घ्यायला, पाणी मागायला आत शिरले. एका दिव्यासमोर जाऊन ते खालीच बसले. तो तांब्याचा दिवा होता आणि त्यावर त्यांच्या आईचं नाव होतं. आई जाऊन बारा वर्षं झालेली. हाजराबींनी तो दिवा उतरवला, कापडात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. रेवजी जीपमध्ये बसेपर्यंत तो पोटाशी धरून होते. अशी तीन घरं मला माहीत आहेत, ज्यांना नुसत्या नावावरून आपली वस्तू परत सापडली.

हे सगळं मी तुम्हाला कौतुकाने सांगतो आहे असं वाटत असेल. कौतुक आहेच. पण याच बाबतीत मी या बाईचं ऐकलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी भाद्रपदात छबूबाई काजलच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या. अडीच महिने राहिल्या. इकडे आमच्या मुलाने, भाग्येशने, घरात नवा ओटा करून घेतला, खाली ट्रॉल्या बसवल्या. मी दिवसभर घरात एकटा, निवृत्त, आणि निवृत्त मुख्याध्यापकाला काम नसलं की तो काय करतो हे त्याच्या घरच्यांना विचारा. मी माळा आवरायला काढला. हंडे, कळशा, तपेल्या, घंगाळं, शेवया करायचं यंत्र, आणि एक पितळी परात. परात खरं तर माळ्यावर नव्हती, ओट्याखाली होती, रोजच्या वापरातली. ट्रॉलीत बसेना म्हणून तीही काढली. मला वाटलं, आता कोण एवढ्या मोठ्या परातीत पीठ मळतं!

शकीलभाई हातगाडी घेऊन दारात आले. मी त्यांना थांबवलं, पॉलिशवाल्याला बोलावलं आणि अंगणात मशीन लावून एकेका भांड्यावरचं नाव घासून काढायला लावलं. का? तर पाटलाच्या घरचं नाव भंगारात लोळायला नको म्हणून. गाव काय म्हणेल? पाटलांवर भांडी विकायची पाळी आली म्हणेल! शकीलभाई, तुम्ही मला म्हणाला होतात, आठवतं? "गुरुजी, हाजरा नाम नहीं घिसती. रहने दो ना." मी तुम्हाला म्हणालो, "शकीलभाई, तुम्हाला नाही कळायचं ते." माझं हे वाक्य मी आज सगळ्यांसमोर परत घेतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला मास्तर! पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या स्वच्छता मोहिमेत माझं भाषण होतं. त्यात मी सांगितलं की जुनी अडगळ जरूर काढा, पण आपल्या कुळाचं नाव आधी पुसा, त्यात घराची अब्रू आहे. टाळ्या पडल्या. आणि ब्राह्मणपुरीत, लोणखेड्यात घरोघरी लोकांनी पॉलिशवाल्याला बोलावलं. गुरुजींनी सांगितलं म्हणून. त्या दिवाळीत हाजराबींकडे नाव घासलेल्या अकरा पराती जमल्या. एकसारख्या, गुळगुळीत. अकरांची त्यांनी अकरा घड्याळं केली, मधोमध भोक पाडून यंत्र बसवलं, आणि याच सभागृहातल्या प्रदर्शनात ती सगळी गेली. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या भिंतीवर ती आहेत.

छबूबाई नाशिकहून आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "मन्ही परात कोठे शे?" मी नवी स्टीलची आणून ठेवली होती, ती दाखवली. त्यांनी ती पाहिली. मग विचारलं, "आनि वर नाव व्हतं ते?" मी म्हणालो, घासलं, काळजी करू नको, कुणाला कळणार नाही कुणाची होती ते. मी म्हटलं, हवं तर या नव्या परातीवर नाव टाकून आणतो. तेव्हा एवढंच म्हणाल्या, "कोन्हं नाव?"

त्यांचे वडील मगन पाटील. तापीकाठचा साधा माणूस, लेकीच्या लग्नात दुसरं फार देता आलं नाही, पण परात धुळ्याहून आणली, तीही डोक्यावर घेऊन. तिच्यावर कोरलं होतं, "चि. छबूस, वडील मगनकडून," आणि खाली लग्नाचं साल. सत्तेचाळीस वर्षं ती परात आमच्या घरात फिरली. मी ते नाव पाच मिनिटांत घालवलं, आणि पॉलिशवाल्याला शाबासकी दिली.

कोकिळाताई, आपली चिठ्ठी मिळाली. "वेळ आटोपती घ्यावी." अशा चिठ्ठ्या मी स्वतः पुष्कळ वक्त्यांना पाठवल्या आहेत. वक्ता चिठ्ठी वाचतो, मान डोलावतो आणि खिशात टाकतो. मीही तेच करतो. रागावू नका. मला आज खरोखर घाई आहे, म्हणून तर थांबता येत नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी छबूबाईंना विसर पडायला लागला. आधी गॅस, मग वार, मग नातवाचं नाव. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की मेंदू आटत चालला आहे, वयाप्रमाणे होतं, औषधाने वेग कमी होईल. मी विचारलं, एखादी वस्तू गेल्याने असं होतं का? ते म्हणाले, छे छे, गुरुजी, असं काही नसतं. ते शिकलेले आहेत, मी त्यांच्यावर विश्वास ठेवायला पाहिजे. दिवसा ठेवतोही.

आता त्यांना मी आठवत नाही. त्यांना वाटतं की शाळेचा कुणी मास्तर पटनोंदणीला घरी आला आहे. आदराने वागवतात, पदर सावरतात. म्हणतात, "मास्तर, बठा. भाकरी करस, खाईसन जा." आणि मग ओट्याखाली, पलंगाखाली, कोठीत परात शोधतात. ती सापडत नाही, म्हणून पीठ मळलं जात नाही, म्हणून भाकरी होत नाही. आणि भाकरी झाल्याशिवाय, सगळ्यांना वाढल्याशिवाय ही बाई जन्मात जेवली नाही. कशी जेवेल? काजल ताट पुढे करते, तर त्या तिलाच रागावतात, "आजून मानसं जेवनात नही, मी आधी कशी बसू?"

आम्ही त्यांना फसवायचा प्रयत्न केला. आयती भाकरी टोपलीत ठेवून म्हटलं, ही बघा, तुम्हीच केलीत. त्यांनी हाताला हात लावून पाहिला, पीठ नव्हतं. स्टीलची परात दिली, ती सरकवून दिली. बाजारातून जुनी पितळी आणली. तिच्या काठावरून त्यांनी बोट फिरवलं, एका जागी थांबल्या, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाल्या, "हाई मन्ही नही." तीन महिने झाले. दोन चमचे दूध, अर्धं केळं, तेही अर्धवट झोपेत असल्या तर. बाई अठ्ठावन्न किलोंच्या होत्या, आता एकोणचाळीस आहेत. डॉक्टरांनी सोमवारी नाकातून नळी घालायचं ठरवलं आहे. मी हात जोडून सोमवारपर्यंतची मुदत घेतली आहे. आज शनिवार आहे.

ऐकलंत? आत्ता बोलल्या त्या. मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून सांगतो. म्हणाल्या, "मास्तर उभाच शे कधयना. बठा म्हना त्यासले." केव्हाचा उभा आहे म्हणे मी. हो हो, बसतो. दोन मिनिटं द्या मला. काजल, पाणी पाज त्यांना, घेतलं तर.

मांडीवर हात का फिरतात, ते आता आपल्या लक्षात आलं असेल.

मी काय केलं या तीन महिन्यांत? ज्यांच्याकडे ती घड्याळं आहेत असं कानावर आलं त्यांच्या घरी गेलो. खरं कारण सांगायची लाज वाटली. इतक्या वर्षांचा मुख्याध्यापक, ज्याने भरसभेत नावं घासायला सांगितली, तो कोणत्या तोंडाने सांगणार? एकांकडे म्हणालो, घड्याळ मागे पडतं का ते तपासतो. दुसरीकडे म्हणालो, असंच करून घ्यायचं आहे, दोन दिवस द्या. एका माझ्याच विद्यार्थिनीने दार लावून घेतलं, तिला वाटलं गुरुजींचं डोकं फिरलं. तिचं चुकलं नाही; दुसऱ्या दिवशी तिनेच घड्याळ आणून दिलं. अशी सात घड्याळं मी घरी नेली. सातही वेळा छबूबाईंनी काठावरून बोट फिरवलं आणि सातही वेळा ते परत सरकवलं. चार राहिली. ती कुणाकडे आहेत ते कुणालाच माहीत नाही, कारण प्रदर्शनात येणाऱ्याचं नाव कोण लिहून घेतं?

शेवटी मागच्या आठवड्यात मी हाजराबींच्या घरी गेलो. आधीच जायला हवं होतं. पण सगळ्यांत जास्त लाज त्यांचीच वाटत होती. त्या गाठोडी बांधत होत्या. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. एकदाही "मैंने बोला था" असं म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "गुरुजी, किनारे पे पोचा था क्या? दो उँगल का?"

मी म्हणालो, होता. पडली होती एकदा.

त्यांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "गिरने का पोचा ऐसा नहीं होता, गुरुजी."

बंधुभगिनींनो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, माझ्या मुलांनाही नाही. काजल आज पहिल्यांदा ऐकते आहे. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. माझी बदली धडगावकडे झाली. बदलीचा कागद खिशात घेऊन मी तापून घरी आलो. गिरणी बंद होती म्हणून दळण उशिरा आलेलं, भाकऱ्या व्हायच्या होत्या. मी ती परात पिठासकट उचलली आणि अंगणात फेकली. ती धुण्याच्या दगडावर आपटली. छबूबाई बाहेर गेल्या, वरचं वरचं चांगलं पीठ गोळा केलं, परात धुतली, मळलं आणि मला वाढलं. मी जेवलो. तेही सांगतो, जेवलो मी.

पुढे पोचे काढणारा तांबट दारावर आला. मी म्हणालो, परात दे त्याला. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमना ध्यानमा ऱ्हाई." पुन्हा मी त्या घरात कधी भांडं आपटलं नाही. रोज भाकरी करताना त्यांचं बोट त्या पोच्यावरून जात असणार. मी कधी विचारलं नाही. आता माणूस विसरल्या, नाव विसरल्या, पण बोट तेवढं तीच जागा शोधतं आहे. आणि दैवाची गंमत बघा, त्यांच्या बापाने कोरलेलं नाव मी घासून टाकलं आणि परात ओळखायला माझ्या रागाची खूण तेवढी शिल्लक राहिली.

हाजराबींनी तो पोचा ठोकून काढला नव्हता. त्या पोचेही काढत नाहीत. म्हणाल्या, "याद है मुझे वो परात. नाम नहीं था, तो मैंने सोचा इसका पोचा ही इसका नाम. घड़ी बनाई तो पोचा ऊपर लिया, बारा के आँकड़े पे. रोटी का टाइम." डोळे अधू झाले तरी हे त्यांना आठवत होतं. मी त्यांच्या अंगणात लहान मुलासारखा रडलो, आणि शकीलभाईंनी मला चहा पाजला.

तर, सभागृहातल्या मायबाप हो, आता भाषण बाजूला ठेवतो आणि मागणं मागतो. आयुष्यभर मी व्यासपीठावरून लोकांना काहीतरी सांगत आलो. आज मागतो आहे.

आपल्या घरी पितळी परातीचं घड्याळ आहे का? दिवाणखान्यात असेल, देवघराबाहेर असेल, कुणी लग्नात भेट दिलं असेल तर तुमच्या पाहुण्यांकडे असेल. आज घरी गेल्यावर त्याच्या काठाकडे बघा. बाराच्या आकड्याच्या वर, दोन बोटांएवढा पोचा आहे का? दिसला नाही तर बोट फिरवून बघा, दिसण्यापेक्षा हाताला तो लवकर लागतो. लागला तर मला कळवा. मी नंबर दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिला आहे, मोठ्या अक्षरात, फळ्यावर लिहायची सवय आहे.

परात परत द्या असं मी म्हणत नाही. तुम्ही हौसेने घेतलीत, तुमच्या भिंतीची ती शोभा आहे. मी छबूबाईंना घेऊन तुमच्या घरी येईन. पीठ आम्ही घरून आणू, तवा आणू, तुमचा गॅससुद्धा नको, मी अंगणात तीन दगडांवर चूल मांडीन. तुम्ही फक्त घड्याळ तासभर खाली उतरवा. त्या बसतील, मळतील, भाकरी थापतील. तुमच्या घरातल्या माणसांनी दोन घास खाल्ले तर फार बरं होईल, कारण त्यांना आधी सगळ्यांना वाढलेलं दिसलं पाहिजे. मग कदाचित त्या जेवतील. कदाचित नाही जेवणार. काजल म्हणते, आप्पा, एवढी आशा धरू नका. डॉक्टरही म्हणतात. मलाही खात्री नाही. पण सोमवारच्या आत ही एकच गोष्ट माझ्या हातात आहे, आणि मी घाबरलो आहे. इतका घाबरलेला माणूस तुम्ही व्यासपीठावर पाहिला नसेल.

मुबीनभाई, तुम्ही आईला घेऊन चालला आहात. त्यांना जपा. मालेगावात त्यांना कुणी जुनं भांडं दाखवलं तर हातात द्या, डोळ्यांनी नाही दिसलं तरी त्यांना कळतं. हाजराबी, तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही रागावला नाहीत, याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत ते माझ्या एवढ्या वर्षांच्या भाषणांत कुठे सापडत नाही. खुदा तुम्हाला सुखात ठेवो.

अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा मी बराच जास्त वेळ घेतला, प्राचार्य महोदयांचा उल्लेख नीट झाला नाही, बचत गटाच्या कामाबद्दल बोलायचं राहून गेलं, निरोपाच्या कार्यक्रमात मी माझंच रडगाणं गायलं. या सगळ्याची माफी द्यावी. बोलण्यातली चूक आपण पोटात घालाल याची मला खात्री आहे. दुसऱ्या चुकीची माफी मागायची ती पहिल्या रांगेत बसली आहे, पण मी मागितली तरी तिला कळणार नाही की कोण मागतं आहे.

एक राहिलं. कुणाच्या मनात शंका येईल, म्हणून सांगतो. घड्याळाचं यंत्र काढलं की परातीला मधोमध भोक राहतं, पीठ त्यातून खाली गळेल. ते मला ठाऊक आहे. त्या मळतील तेवढा वेळ मी खालून हात लावून बसेन.

काय म्हणता, छबूबाई? बसू मी? हो. बठस, माय, बठस. हाऊ देख, बठना.